घडीमावशींचा पत्रांचा तास

त्या शाळेत अठ्ठेचाळीस मुलं राहत होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही चादरीची घडी एकट्यानं घालायची परवानगी नव्हती. शनिवारी दुपारी दोरीवरच्या चादरी खाली उतरल्या की अंगणात जोड्या उभ्या राहायच्या. चादरीची दोन टोकं एकाकडे, दोन दुसऱ्याकडे. मग ताण, झटका, दोन पावलं पुढे आणि टोकाला टोक. जोड्या मावशी लावायच्या. आठवडाभरात कुणाचं कुणाशी फाटलंय याची बित्तंबातमी त्यांच्याकडे असायची आणि त्या भांडलेल्यांना हटकून एकाच चादरीला जुंपायच्या. अबोला धरून मोठी चादर घडी करून दाखवावी कुणी! निदान ‘अगं, ताण जरा’ एवढं तरी म्हणावंच लागतं. ‘ताण जरा’ने सुरू झालेलं बोलणं सहाव्या चादरीपर्यंत खिदळण्यावर यायचं, आणि मग मावशीच ओरडायच्या, ‘‘दात पुरे, चादर जमिनीला लागतेय!’’

म्हणून त्या घडीमावशी. कागदोपत्री त्या वसतिगृहाच्या देखरेखीच्या बाई होत्या. म्हणजे मुलांचे कपडे, अंथरुणं, नखं, केस, ताप, खोकला, रुसवे आणि हरवलेले मोजे, सगळं त्यांच्या गळ्यात. ठेंगणा बांधा, चालणं भराभरा, आणि कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा. त्याचा आवाज आला की मुलींच्या खोलीतली कुजबुज आणि मुलांच्या खोलीतली उशांची लढाई एकदमच थांबायची. सव्वीस वर्षं त्यांनी त्या शाळेत काढली होती. कपड्यांच्या खोलीशेजारी त्यांची स्वतःची खोली होती: एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. दुसरं घर त्यांना नव्हतं. एक भाचा होता, त्याच्याकडे चार दिवस जाता यायचं. पाचव्या दिवशी भाचेसून फार गोड बोलायला लागायची, आणि मग मावशी पिशवी भरायच्या.

शाळा लहान होती, पण कामाला वाघ होती. भांडी घासायची पाळी, आवार झाडायची पाळी, दिवे मालवायची पाळी, सगळं फळ्यावर. मुख्याध्यापकांचंही नाव त्यात असायचं. सर मंगळवारी बटाटे सोलायचे आणि अर्धा बटाटा सालाबरोबर टाकायचे, म्हणून मुलं त्यांच्या शेजारी बसून सालातला बटाटा परत काढायची. सर या शाळेत आले तेव्हा अगदी कोवळे मास्तर होते. त्यांच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मावशींनी लावली होती, त्यामुळे बाहेर ते कितीही मोठे असले तरी कपड्यांच्या खोलीत त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

पण मावशींना खरा अभिमान होता तो चादरींचा नव्हे. तो होता रविवारच्या पत्रांच्या तासाचा.

रविवारी दहा ते अकरा, जेवणाच्या दालनात मुलं घरी पत्रं लिहायची. फोन होता ऑफिसात, पण तो आजारपणापुरता. चार लांब टेबलं, प्रत्येकाला बारा मुलं, पलंगाच्या नंबराप्रमाणे ओळीनं बसलेली. पहिली चोवीस मुलं, पुढच्या चोवीस मुली. त्या तासाला दालनात मोठं माणूस एकच, घडीमावशी. त्यासुद्धा मुलांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून मोजे रफू करत बसायच्या. एकदा सर कसलीशी किल्ली विचारायला आत आले, तर मावशींनी सुईनंच दाराकडे बोट दाखवलं. ‘‘अकरा वाजता, सर.’’ सर आल्या पावली परत गेले.

लिहून झालं की मुलानं कागदाची तिहेरी घडी करायची आणि टेबलाच्या कडेला ठेवायची. अकराला मावशी एक नंबरपासून निघायच्या, घड्या एकीवर एक उचलत अठ्ठेचाळीसपर्यंत यायच्या. पाकिटं आदल्या दिवशीच तयार असायची. पत्ते मावशींच्या हातचे, कारण मुलांनी लिहिलेले पत्ते वाचून पोस्टमननं एकदा हात टेकले होते. पाकिटंही त्याच ओळीनं लावलेली. पहिली घडी पहिल्या पाकिटात, दुसरी दुसऱ्यात. कागद उघडून बघायचं कामच नाही. सव्वीस वर्षांत मावशींनी एका मुलाच्या पत्राची एक ओळ वाचली नव्हती, आणि हे सांगताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची. होऊ दे की. माणसाला एखाद्या गोष्टीचा तरी तोरा असावा.

आता कुणी विचारील, मुलांनाच का भरू देत नव्हत्या पाकिटं? विचारलं होतं लोकांनी. मावशींचं उत्तर ठरलेलं होतं: डिंक. लहान मुलाच्या हाती डिंक दिला की तो पाकीट सोडून बाकी सगळ्याला लागतो. हे उत्तर खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं, पण ते मावशींना स्वतःलाच अजून कळायचं होतं.

त्या रविवारी काहीच वेगळं घडलं नाही. सात नंबरला गालगुंड झालं होतं, तो आजाऱ्यांच्या खोलीत गाल सांभाळत पडला होता. मावशींनी नेहमीप्रमाणे घड्या उचलल्या, मोजल्या. अठ्ठेचाळीस. पाकिटं अठ्ठेचाळीस. हिशेब चोख. पत्रं पेटीत पडली आणि मावशी जेवायला गेल्या.

बुधवारी सकाळी ऑफिसातला फोन वाजला. चोवीस नंबरचे वडील होते, औषधांच्या दुकानाचे मालक. माणूस सभ्य, पण आवाजात काळजी.

‘‘सर, आमच्या चिरंजीवांनी पत्राखाली ‘तुमची लाडकी’ अशी सही केली आहे. आणि आमच्याकडे केसांचा लाल पट्टा मागितलाय. शाळेत नक्की काय चाललंय?’’

सर हसले. फोन ठेवला तो परत वाजला. मग परत. चौथ्या फोनला सरांचं हसू मावळलं आणि त्यांनी मावशींना बोलावणं पाठवलं.

मावशींनी सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. कपड्यांच्या खोलीत जाऊन बटणांचा डबा घेऊन आल्या आणि सरांच्या टेबलावर अठ्ठेचाळीस पांढरी बटणं ओळीनं मांडली. सातवं बटण उचलून बाजूला ठेवलं. ‘‘हा आजारी होता. याचं पत्र नव्हतं. पाकीट होतं. ते काढायला मी विसरले.’’

‘‘पण मग शेवटी एक पाकीट उरायला हवं होतं,’’ सर म्हणाले.

‘‘तेच बघतेय.’’ मावशी बटणांवरून बोट फिरवत गेल्या आणि एकतिसाव्यापाशी थांबल्या. एकतीस नंबरच्या मुलीला बोलावून विचारलं, बाळ, रविवारी तू किती कागद लिहिलेस? दोन, मुलगी म्हणाली. खूप लिहायचं होतं. दोन्हीची एकत्र घडी नीट बसेना, म्हणून दोन वेगळ्या केल्या. ‘‘तुम्हीच सांगता ना मावशी, घडी वाकडी नको.’’

मावशींनी कपाळाला हात लावला. एकतिसाव्याशेजारी त्यांनी बाजूला ठेवलेलं बटण आणून मांडलं. इथे एक कमी, तिथे एक जास्त. बेरीज अगदी बरोबर, आणि मधल्या चोवीस घरांत दुसऱ्याच्या पोराचं पत्र. एकतीस नंबरच्या घरी तर अर्धंच गेलेलं. पत्रं कुणी वाचत नाही म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्र वाचणाऱ्या शाळेत अशी चूक झालीच नसती.

‘‘चूक माझी,’’ मावशी म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी पंचवीस चिठ्ठ्या लिहिल्या. एकतीस नंबरची सोडली तर सगळ्यांत मजकूर एकच: तुमच्याकडे आलेलं पत्र दुसऱ्याच्या मुलाचं आहे. चूक शाळेच्या देखरेखीच्या बाईंची. वाचलं नसेल तर वाचू नका, वाचलं असेल तर कुणाला सांगू नका. पाकिटात बंद करून भेटीच्या शनिवारी घेऊन या.

मुलांना सांगणं जास्त कठीण गेलं. मावशी जेवणाच्या वेळी दालनाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. एक दोन चेहरे पार उतरले. मग तेरा नंबरनं हात वर केला.

‘‘मावशी, मी त्यात तुमच्याबद्दल लिहिलंय.’’

‘‘चांगलं की वाईट?’’

तेरा नंबरनं थोडा विचार केला. ‘‘वाईट.’’

‘‘मग बरंच झालं की, माझ्या हाती नाही लागलं!’’

अख्खं दालन हसलं. मावशीही हसल्या, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष मोठे बांधकामवाले होते. शाळेची जमीन त्यांनी दिलेली, इमारतही त्यांनीच उभारलेली, आणि त्यांची नात याच शाळेत सत्तावीस नंबरच्या पलंगावर झोपत होती. मुलीचे आईवडील कामानिमित्त दूरदेशी, म्हणून तिची पत्रं आजोबांना यायची. त्या आठवड्यात आजोबांना आलं अठ्ठावीस नंबरचं पत्र, आणि आपल्या नातीचं पत्र कुठल्या परक्या घरात फिरतंय या विचारानं त्यांच्या नाकावरचा राग डोक्यात गेला. गुरुवारी ते मोटारीतून उतरले ते थेट सरांच्या ऑफिसात शिरले आणि अर्धा तास सरांना धारेवर धरून गेले.

ते गेल्यावर सर कपड्यांच्या खोलीत आले. मावशी उशांचे अभ्रे मोजत होत्या.

‘‘समितीचं म्हणणं आहे,’’ सर अभ्र्यांकडे बघत म्हणाले, ‘‘की यापुढे प्रत्येक पत्र पाठवण्याआधी शाळेनं वाचावं. म्हणजे तुम्ही. भलतंसलतं काही असलं तर मुलाकडून परत लिहून घ्यायचं. अध्यक्षांकडे आलेल्या पत्रात छत गळतं असंसुद्धा लिहिलंय म्हणे. पुढच्या आठवड्यात भेटीच्या शनिवारी सभा घेऊन ठराव करणार आहेत. तोपर्यंत पत्रं बंद.’’

‘‘छत गळतंच.’’

‘‘मावशी, नुसती नजर टाका हो. खालची सही बघा, पुरे. कोण विचारतंय तुम्ही किती वाचलंत ते!’’

‘‘सही बघायला कागद उघडावा लागतो. आणि उघडला की डोळा सहीपाशी थांबत नाही. माझा तरी थांबणार नाही.’’

‘‘ते तुम्हाला काढून टाकतील,’’ सर हळूच म्हणाले. ‘‘मी अडवू शकेन असं मला वाटत नाही.’’

मावशींनी अभ्रे खाली ठेवले, आणि मग जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं ते सरांना सांगितलं. त्या स्वतः नऊ वर्षांच्या असताना अशाच एका शाळेत राहायला गेल्या होत्या. तिथल्या बाई पत्रं वाचायच्या. न आवडलेली ओळ जेवणाच्या वेळी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मावशींनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, आई, मला इथे भीती वाटते. ती ओळ वाचली गेली, आणि पुढे महिनाभर मुली त्यांच्या मागून ‘भीती वाटते, भीती वाटते’ करत फिरल्या. त्यानंतर चार वर्षं त्यांनी दर आठवड्याला एकच लिहिलं, मी मजेत आहे. पाचव्या वर्षी आई गेली.

‘‘मुलगी मजेत आहे असं समजून गेली ती,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘तिला माझं काहीच कळलं नाही, सर. मला त्याचं अजून वाईट वाटतं. अजून.’’

सर चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, ‘‘मग मी काय करू?’’

‘‘तुम्ही काही करू नका. सभेला माझ्या बाजूला उभे राहा म्हणजे झालं.’’

मधल्या रविवारी तास झाला नाही. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. दहा वाजता मुलं सवयीनं दालनाच्या दाराशी गोळा झाली, बंद दार बघून उगीचच इकडेतिकडे रेंगाळली. मावशींनी त्यांना आवार झाडायला लावलं. ते सकाळीच झाडून झालं होतं, तरी कुणी तसं म्हटलं नाही. दुपारी मावशींनी स्वतःच्या खोलीतलं सामान नजरेनं मोजलं. दोन पेट्यांत मावलं असतं. भाच्याच्या घराचा विचार मनात आला तशा त्या उठून मोजे रफू करायला बसल्या.

भेटीच्या शनिवारी जेवणाचं दालन आईबापांनी भरून गेलं. चुकीची पत्रं गेलेल्यांतली लांबची दोन घरं आली नव्हती, त्यांनी पत्रं टपालानं पाठवली होती. बाकी सगळे बंद पाकिटं हातात धरून बसले होते, आणि आपलं पत्र कुणाच्या हातात असेल म्हणून एकमेकांकडे चोरून बघत होते. अध्यक्ष आत आले. सगळं दालन उभं राहिलं, खुर्च्या करकरल्या. अध्यक्षांनी हातानंच बसा म्हटलं आणि प्रास्ताविक वगैरे न करता मुद्द्यालाच हात घातला.

‘‘झालं ते झालं. पुन्हा होऊ नये म्हणून उद्यापासून शाळा प्रत्येक पत्र वाचून मगच पाठवेल. बाई, तुम्हाला हे मान्य आहे ना?’’

मावशी उठल्या. कमरेचा जुडगा काढून त्यांनी अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवला. अकरा किल्ल्यांचा तो आवाज ऐकून भिंतीलगत उभी असलेली मुलं सवयीनं एकदम गप्प झाली.

‘‘चूक माझी आहे, साहेब, आणि ती सुधारायला सोपी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मुलांनी आपली पाकिटं आपणच भरावीत, आपणच चिकटवावीत. हे कधीच करायला हवं होतं. मी डिंकाचं निमित्त सांगत राहिले. खरं म्हणजे सगळी पत्रं माझ्या हातून जातात याचा मला माज होता. तो मी सोडला. पण पत्र वाचायचं म्हणाल तर ते माझ्यानं होणार नाही. वाचणारी दुसरी बाई आणा. या तिच्या किल्ल्या.’’

‘‘हा हट्ट आहे.’’

‘‘हो,’’ मावशी म्हणाल्या.

सर त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. पहिल्यांदा तोंड उघडलं तर आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला. ‘‘माझंही तेच मत आहे,’’ सर म्हणाले, आणि लालबुंद झाले.

अध्यक्षांनी दालनाकडे तोंड केलं. ‘‘ठीक आहे. पालकच सांगू देत. आपल्या मुलांची पत्रं वाऱ्यावर सोडायची, की कुणीतरी जबाबदार माणसानं नजरेखालून घालायची?’’

जमीन त्यांची, इमारत त्यांची. त्यांच्या तोंडावर बोलायचं कुणी? मावशी समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या. कुणाकडे आशेनं बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक बाई उठल्या. सव्वीस नंबरची आई. बसमध्ये कंडक्टर होत्या, रजा मिळाली नव्हती म्हणून दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तशाच गणवेशात आल्या होत्या.

‘‘मला बोलायचंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला पावणेबाराची गाडी आहे, म्हणून पटकन बोलते. या बाईंनी चिठ्ठी पाठवली, वाचू नका म्हणून. ती यायच्या आधीच मी वाचलं होतं. पहिल्या ओळीतच कळलं, हे आपल्या पोरीचं नाही. तरी वाचलं. दोनदा वाचलं. मला त्याची लाज वाटते. चिठ्ठीत लिहिलंय कुणाला सांगू नका, तर मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. पण एवढं म्हणते, की ते पोर फार खरं लिहितंय. कुणी तिसरं माणूस वाचणार हे त्याला ठाऊक असतं ना, तर त्यातलं एक अक्षर त्यानं लिहिलं नसतं. माझी पोर मला असं लिहिते का हे बघायला मी घरी जाऊन तिची जुनी पत्रं काढली. लिहिते. मला ते तसंच हवंय.’’

‘‘कुणाचं पत्र आलं होतं तुमच्याकडे?’’ अध्यक्षांनी विचारलं.

कंडक्टरबाई टेबलांमधून वाट काढत पुढे आल्या, गाडीत काढतात तशाच सराईतपणे, आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. ‘‘तुमचं, साहेब.’’

भिंतीशी उभी असलेली सत्तावीस नंबरची मुलगी पांढरीफटक पडली. तिच्या शेजारच्या मुलीनं तिचा हात घट्ट धरला. अध्यक्षांनी पाकीट फोडलं, कागदाची तिहेरी घडी उलगडली, चष्मा सारखा केला आणि अख्ख्या सभेसमोर उभ्यानंच वाचायला लागले. एक पान होतं. त्यांना फार वेळ लागला.

त्यात काय होतं हे पुढे कधीतरी अध्यक्षांनीच मावशींना सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक. नातीनं लिहिलं होतं: आजोबा, तुम्ही शाळेत आलात की सगळ्यांना उभं राहावं लागतं. तुम्ही गेल्यावर मग दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोलत नाही, सगळे मला घाबरून सगळं द्यायला लागतात. चादरीच्या घडीला माझी जोडीदार मला रागवतसुद्धा नाही. मला तुम्ही खूप आवडता. पण तुम्ही येऊ नका, किंवा आलात तर मागच्या दारानं या.

अध्यक्षांनी वर पाहिलं. समोर सगळं दालन त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांची नजर भिंतीशी उभ्या मुलांवरून फिरत फिरत नातीपाशी थांबली. नातीनं मान खाली घातली. अध्यक्षांनी कागद घडी करायला घेतला, आणि आयुष्यभर इमारती बांधलेल्या त्या हातांना तिहेरी घडी काही जमेना. शेवटी मावशींनीच हात पुढे केला. अध्यक्षांनी कागद दिला. मावशींनी लिहिलेली बाजू आत राहील अशी, त्याच्याकडे न बघता, दोन बोटांत घडी घातली आणि परत केला.

‘‘बाई,’’ अध्यक्ष म्हणाले, ‘‘माझी नात असं काही लिहील याची तुम्हाला कल्पना होती?’’

‘‘नाही, साहेब. कल्पना नसणं हीच तर माझी नोकरी आहे.’’

अध्यक्षांनी जुडगा उचलला आणि मावशींच्या हातात ठेवला. ‘‘ठराव मागे घेतोय,’’ ते दालनाला म्हणाले. ‘‘पाकिटं मुलं भरतील. वाचणार कुणी नाही. आणि ते छत सोमवारी माणूस येऊन बघेल.’’ कंडक्टरबाईंनी घड्याळ बघितलं आणि पळत सुटल्या. मागे दालनात एकच गलका उडाला; पाकिटं या टेबलावरून त्या टेबलावर जायला लागली. औषधवाल्यांनी ‘तुमची लाडकी’ पंचवीस नंबरच्या आईच्या हवाली केली, सोबत दुकानातून आणलेला लाल पट्टाही दिला. एकतीस नंबरचे वडील अर्धं पत्र हातात नाचवत बाकीचं अर्धं शोधत फिरले. मावशी कपड्यांच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि पाच मिनिटं पोटभर रडल्या. मग तोंड धुऊन चादरींच्या जोड्या लावायला अंगणात आल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दहा वाजता मुलं ओळीनं बसली. प्रत्येकापुढे आपापलं कोरं पाकीट आणि दोन टेबलांमागे एक डिंकाची बाटली. मावशी खिडकीकडे तोंड करून मोजे रफू करत होत्या. पाठीमागे डिंक कुठेकुठे लागतोय हे त्यांना आवाजावरून कळत होतं, आणि मागे वळायचं नाही म्हणजे काय असतं हे त्यांना त्या दिवशी नव्यानं कळलं.

पावणेअकराच्या सुमारास स्वयंपाकघराकडच्या दारात खुडबुड झाली. मावशी उठून गेल्या. दारात अध्यक्ष उभे होते. मोटार फाटकाबाहेर ठेवून, भांडी घासायच्या मोरीजवळून, बटाट्यांची पोती ओलांडून आले होते. बुटांना चिखल लागला होता. दालनातल्या कुणालाही त्यांची चाहूल लागली नव्हती.

‘‘नातीला भेटायला आलोय,’’ ते दबक्या आवाजात म्हणाले.

‘‘अकरा वाजता, साहेब.’’

ज्यांनी ते दार बसवलं होतं ते अध्यक्ष त्या दाराबाहेर पोत्यांशेजारच्या खोक्यावर पंधरा मिनिटं बसून राहिले. पत्र लवकर संपवून स्वयंपाकघरात भांडी घासायला आलेली दोन मुलं त्यांच्याकडे बघून उठायला लागली, तर त्यांनीच हात हलवून बसवलं. अकरा वाजले. मुलं एकेक करून येऊन आपलं पाकीट मावशींच्या पिशवीत टाकायला लागली. सत्तावीस नंबरनं आजोबांना बघितलं आणि धावतच आली. गालाला डिंक होता, हातात चिकटवलेलं पाकीट, आणि पाकिटावर तिच्या हातचा आजोबांचा पत्ता.

आजोबांनी नातीला जवळ घेतलं आणि दुसरा हात पाकिटासाठी पुढे केला. मुलीनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी पिशवीचं तोंड उघडं धरलं होतं. मुलीनं पाकीट पिशवीत टाकलं.

‘‘अहो, मी समोर उभा आहे ना!’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘टपालानं येईल,’’ घडीमावशी म्हणाल्या.

अध्यक्ष हात खिशात घालून नातीबरोबर आवारात फिरायला निघून गेले, आणि बुधवारी सकाळपासून आपल्या बंगल्याच्या फाटकाशी पोस्टमनची वाट बघत उभे राहिले.